एनआयओएसची दहावी: पालकांनी काढलेल्या शाळेला कितपत उपयोगी?

एलडी (अध्ययन अक्षमता) असलेल्या मुलांचे पाच-सहा पालक एकत्र आले आणि शाळा काढायचं ठरलं की तिसऱ्या बैठकीपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "बोर्डाचं काय, एनआयओएस करू." मग जागा, फी, शिक्षक यांवर चर्चा सुरू होते आणि बोर्डाचा प्रश्न सुटला असं सगळे धरून चालतात. तो तिथे सुटत नाही. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हे मंडळ परीक्षा घेतं, पुस्तकं देतं, प्रमाणपत्र देतं. तुमच्या मुलाला वाचायला शिकवणं हे काम ते करत नाही, आणि त्यांनी तसं म्हटलेलंही नाही. या सेवेबद्दलच्या निम्म्या तक्रारी ही एक गोष्ट आधी न कळल्यामुळे होतात.

तरीही परीक्षा मंडळ म्हणून आमचं मत बऱ्यापैकी चांगलं आहे. कुठे चांगलं आणि कुठे नाही, ते खाली सविस्तर.

आधी ओळख. सीबीएसईने १९७९ मध्ये प्रकल्प म्हणून मुक्त विद्यालय सुरू केलं, १९८९ मध्ये त्याची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था झाली आणि २००२ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. मुख्यालय नोएडाला, आपल्याकडचं विभागीय केंद्र पुण्यात. दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण हवीत. आठवीचा दाखला नसला तरी 'मी हा अभ्यासक्रम पेलण्याइतकं शिकलो आहे' अशा स्वयंघोषणेवर प्रवेश मिळतो. लहान मुलांसाठी मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क असे तीन स्तर आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे.

मुलांना खरा फरक पडतो तो विषयांमुळे. राज्य मंडळाच्या दहावीत तीन भाषा, दोन भागांचं गणित, दोन भागांचं विज्ञान आणि वर सामाजिक शास्त्रं, हे सगळं फेब्रुवारी-मार्चच्या एकाच परीक्षेत. इथे पाच विषय पुरतात. त्यात भाषा किमान एक, जास्तीत जास्त दोन. हवे असतील तर आणखी दोन विषय जोडता येतात. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, त्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. उत्तीर्ण झालेला विषय खात्यात जमा राहतो. एप्रिलमध्ये चित्रकला आणि गृहविज्ञान, ऑक्टोबरमध्ये भाषा, पुढच्या एप्रिलमध्ये उरलेले दोन, असं टप्प्याटप्प्याने जाता येतं. अक्षर लावून वाचायला इतरांच्या दुप्पट वेळ घेणाऱ्या मुलाला ही सोय कुठल्याही सवलतीपेक्षा मोठी आहे. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळात उत्तीर्ण झालेले दोनपर्यंत विषय इकडे वळतेही करता येतात. दहावीत दोन-तीन विषय राहिलेल्या मुलाचे पालक हे हमखास विसरतात आणि पाचही विषय पुन्हा भरतात.

आता विषय निवडण्याबद्दल. इथे घाई होते आणि तिचे परिणाम दोन वर्षांनी दिसतात. गणित सक्तीचं नाही हे कळल्यावर घरात सुटकेचा निःश्वास पडतो, तो समजण्यासारखा आहे. पण दहावीला गणित आणि विज्ञान नसेल तर पॉलिटेक्निकचं दार बंद होऊ शकतं आणि आयटीआयचे बरेच ट्रेड हातचे जातात. ज्या मुलाला स्क्रू, वायर, मोटार यांत गती आहे, त्याला नेमकं तिकडेच जायचं असतं. मुलाची अडचण वाचनाची आहे की आकड्यांची, हे मानसशास्त्रज्ञाच्या अहवालात नीट पाहा. फक्त वाचनाची असेल तर गणित ठेवा. एनआयओएसच्या गणिताचा पेपर वाचून दाखवणारा माणूस मिळाला की असं मूल बऱ्याचदा इतर विषयांपेक्षा गणितातच जास्त गुण काढतं. आकड्यांशीच वैर असेल तर सोडा, बिनधास्त सोडा.

चित्रकला, कोड २२५, हा विषय या मुलांसाठी सोन्यासारखा. प्रात्यक्षिकाचे गुण लेखीपेक्षा जास्त. डेटा एन्ट्री, २२९, तोही बराचसा संगणकावर. गृहविज्ञान, २१६, नावावरून सोपा वाटतो, पण पुस्तक जाड आहे आणि त्यात याद्या फार. मात्र रोजच्या स्वयंपाकाशी, कपड्यांशी, पोषणाशी जोडून शिकवला तर लक्षात राहतो. व्यवसाय अध्ययन, २१५, वाणिज्य शाखेत जायचं असेल तर घ्या. भारतीय संस्कृती आणि वारसा, २२३, हा विषय 'सोपा आहे' म्हणून एनआयओएसच्या अभ्यास केंद्रावर सुचवला जातो. आमचा सल्ला, डिस्लेक्सिया (वाचनातली अक्षमता) असलेल्या मुलाला देऊ नका. नावं, राजवंश, शतकं आणि पानंच्या पानं मजकूर. इंग्रजी, २०२, जमेल तितकं ठेवा, पुढे अकरावीला विचारतात. मराठीचा कोड २०४. माध्यम मराठी निवडायचं असेल तर आधी प्रत्येक विषयाचं पुस्तक मराठीत उपलब्ध आहे का ते संकेतस्थळावर उघडून पाहा. इंग्रजी पुस्तकावरून शिकवून मराठीत पेपर लिहायला लावणं म्हणजे एकाच मुलाला दोन परीक्षा द्यायला लावणं.

पुस्तकं हा आमच्या मते सर्वांत कच्चा भाग. नाव 'स्वयं-अध्ययन साहित्य', पण ते ज्याला सलग वाचता येतं त्याच्यासाठी. वाक्यं लांब, परिच्छेद भरगच्च. आणि देवनागरीची स्वतःची खोडी आहे, जी इंग्रजीतून आलेल्या रिमेडियल, म्हणजे उपचारात्मक शिकवण्याच्या पद्धतींत सापडत नाही. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, वाचायचा मात्र त्याच्या आधी. 'सूर्य' वाचताना मूल 'सूय' म्हणतं आणि वरचा रफार नंतर कुठेतरी चिकटवतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत गल्लत होतेच. 'ख'मध्ये र आणि व वेगळे दिसतात, म्हणून 'खालीलपैकी' हा प्रश्नपत्रिकेतला सर्वांत नेहमीचा शब्द 'रवालीलपैकी' होतो आणि प्रश्न तिथेच अडतो. अशा मुलाला पुस्तक हातात देऊन 'स्वतः शिक' म्हणण्यात अर्थ नाही.

यावर चालणारा उपाय असा. प्रश्नांत येणाऱ्या सूचनांचे शब्द, म्हणजे खालीलपैकी, स्पष्ट करा, फरक सांगा, कारणे द्या, उदाहरणासह, असे पंचवीस-तीस शब्द आधी चित्रासारखे पाठ करून घ्या. ते अक्षर-अक्षर लावून वाचायची वेळ परीक्षेत येऊ देऊ नका. धड्याची पीडीएफ मोबाइलवर किंवा संगणकावर मोठ्याने वाचून घेता येते. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर फुकट आहे आणि मराठी बोलतं, आवाज जरा यंत्रासारखा. पीडीएफ जुन्या फाँटातली किंवा नुसती स्कॅन केलेली असेल तर यंत्र भलतंच वाचतं किंवा गप्प बसतं. मग आधी संगणकाकडून अक्षरओळख (ओसीआर) करून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि कुणीतरी डोळ्याखालून घालून जोडाक्षरं दुरुस्त करावी लागतात. हे काम पालकांत वाटून घेता येतं. एका विषयाचे धडे एका घराने केले की पुढची सगळी मुलं वापरतात. एनआयओएसचे चित्रित पाठ यूट्यूबवर आणि स्वयंप्रभा या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांवर आहेत. विज्ञानाचे बरे आहेत, बाकी ठीकठाक.

टीएमए म्हणजे गृहपाठ, त्याला २० टक्के वजन. प्रत्येक विषयाला सहा प्रश्न: तीन दोन-दोन गुणांचे, दोन चार-चार गुणांचे आणि एक सहा गुणांचा प्रकल्प. प्रत्येक प्रश्नाला पर्याय असतो. या गुणांना हात धरून आणणं आपल्या हातात आहे, तरी नेमके तेच वाया जातात. एप्रिलच्या परीक्षेसाठी मुदत ३१ जानेवारी, ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी ३१ जुलै. शाळेच्या वेळापत्रकात टीएमएसाठी आठवड्याला दोन तासिका ठेवल्या तर दिवाळीपर्यंत सगळे होतात. ठेवल्या नाहीत तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आई उत्तरं सांगते, मूल उतरवून काढतं आणि त्यातलं काहीही डोक्यात राहत नाही. आणखी एक: अलीकडे अभ्यासक्रमाची साधारण ४०-६० अशी फोड केली आहे. ४० टक्के धडे टीएमएसाठी, ६० टक्के लेखी परीक्षेसाठी. ही फोड विषयवार संकेतस्थळावर आहे. ती छापून भिंतीवर लावा आणि मगच शिकवायला घ्या. नाहीतर परीक्षेत न येणाऱ्या धड्यावर सहा आठवडे जातात.

अभ्यास केंद्र हा नशिबाचा भाग, पण थोडी चौकशी केली तर नशीब सुधारतं. संपर्कवर्ग बहुतेक ठिकाणी सुट्टीच्या दिवशी, एका वर्गात सगळ्या वयांचे विद्यार्थी. एलडीच्या मुलाला त्यातून फार मिळत नाही. म्हणून केंद्र निवडताना शिकवणं कसं आहे हे विचारू नका, तीन गोष्टी विचारा: प्रात्यक्षिकं खरोखर करून घेतात का, टीएमएवर शेरा लिहून परत देतात का, आणि रायटरसाठीचे, म्हणजे परीक्षेत मुलाचं उत्तर लिहून घेणाऱ्यासाठीचे, अर्ज पुण्याला वेळेत पाठवतात का. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं केंद्र बघा. 'सगळं आम्ही करू, पासची हमी' असं सांगून जास्त पैसे मागणारे मध्यस्थही भेटतात. प्रवेश ऑनलाइन घरबसल्या होतो आणि अधिकृत शुल्क शहरातल्या बऱ्याच खासगी शाळांच्या महिन्याच्या फीपेक्षा कमी असतं. दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यातही सूट आहे. मध्यस्थाचं काहीच काम नाही.

ही सूट आणि परीक्षेतल्या सगळ्या सवलती एका कागदावर उभ्या आहेत, तो म्हणजे प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, त्याआधी ती केंद्राच्या कायद्यात नव्हती. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी मिळत नाही. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यंक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी, ज्यासाठी २०१८ च्या अधिसूचनेत बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमालिका सांगितली होती. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल शिकवायला उपयोगी, पण तो प्रमाणपत्र नव्हे. ते सरकारने अधिकार दिलेल्या रुग्णालयातूनच, मुंबईत उदाहरणार्थ शीवच्या किंवा नायर रुग्णालयातून, आणि आता यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या केंद्रीय ओळखपत्राच्या) संकेतस्थळावरून. मूल मराठी माध्यमाचं असेल तर चाचणी मराठीत घ्या असा आग्रह धरा. मराठीतल्या तपासणीसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेलं 'डाली' हे साधनही आहे. इंग्रजी चाचणीत मराठी माध्यमाचं मूल मागे पडलं तर ती डिस्लेक्सिया की नुसतं इंग्रजी कच्चं, हे कळायला मार्ग राहत नाही.

सवलतींत दर तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. रायटर आणि वाचक मिळतो. २०१८ च्या केंद्रीय सूचनांप्रमाणे आपण नेलेला रायटर परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा, म्हणजे दहावीसाठी नववीचा विद्यार्थी. भाषेच्या पेपरला वेगळा रायटर घेता येतो. अर्ज भरताना त्या वर्षीचे नियम पुन्हा वाचा, यात बदल होत असतात. आणि एक रायटर राखीव ठेवा. एप्रिलमध्ये नववीच्या मुलांचीही परीक्षा असते, हे पालकांच्या ध्यानात मार्चमध्ये येतं.

रायटर मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. उत्तर सांगणं ही वेगळी कला आहे, ती शिकवावी लागते. सरावाशिवाय मूल एक वाक्य सांगतं, रायटर लिहीपर्यंत पुढचं विसरतं, मग "झालं" म्हणतं. सुरुवात आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांनी करा. आधी उत्तरातले मुद्दे बोटांवर मोजायचे, मग एकेक सांगायचा, लिहून झालं की रायटरने परत वाचायचं. पूर्णविराम, नवा परिच्छेद हे मुलाने म्हणायचं. गणितात प्रत्येक ओळ तोंडाने सांगायची: "तीन एक्सचा वर्ग, अधिक पाच एक्स, बरोबर शून्य, खालच्या ओळीवर." आकृती रायटरला "डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे रेघ" अशी सांगता आली पाहिजे. चार महिन्यांत पूर्ण पेपर सांगण्याइतकी तयारी होते. सराव शक्यतो त्याच रायटरबरोबर करा. निदान दोन पेपर तरी.

आता शाळा काढणाऱ्यांसाठी दोन कडू गोष्टी. फलकावर 'शाळा' लिहिण्याआधी शिक्षण हक्क कायद्याचं कलम १८ वाचा. मान्यता नसताना शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि बंद केली नाही तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. एनआयओएसला मुलं बसवता म्हणून तुमच्या वास्तूला मान्यता मिळत नाही. ६ ते १४ वयाच्या मुलांचं नाव मान्यताप्राप्त शाळेच्या पटावर राहू द्या आणि तुम्ही रिमेडियल केंद्र चालवा. नाहीतर रीतसर मान्यता घ्या: महाराष्ट्रात स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा २०१२ चा कायदा आहे, विशेष शाळा असेल तर दिव्यांग हक्क कायद्याखालची नोंदणी. त्याआधी संस्था. सोसायटी कायद्याने किमान सात जण लागतात. सातही पालकच असतील तर दहा वर्षांनी सगळ्यांची मुलं बाहेर पडतात आणि संस्थेत रस असणारं कुणी उरत नाही. दोन-तीन जण पालक नसलेले घ्या, त्यांपैकी एक हिशेब कळणारा.

दुसरी गोष्ट माणसांची. शिक्षक भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेले असावेत. त्यांचा नोंदणी क्रमांक मागा आणि त्याची मुदत तपासा. बारा मुलांना दोन विशेष शिक्षक आणि एक मदतनीस हे आमच्या मते किमान. रोज प्रत्येक मुलाला चाळीस मिनिटं एकट्याने किंवा दोघांत वाचन-लेखन, तेही सकाळी, डोकं ताजं असताना. बाकी वेळ विषय. अनेक पालक-शाळा हे उलट करतात: दहावी जवळ आली म्हणून सगळा दिवस विषय, आणि रिमेडियल उरलेल्या वेळात. मग मूल पाच विषय सुटून बाहेर पडतं आणि बसची पाटी वाचायला अडखळतं.

आणि मुळात, एनआयओएस हवंच आहे का? राज्य मंडळातही जादा वेळ, रायटर, कॅल्क्युलेटर, एका भाषेतून सूट, खालच्या इयत्तेचं अंकगणित अशा सवलती आहेत. एलडी मध्यम असेल, मुलाचे मित्र त्याच शाळेत असतील आणि मुख्याध्यापक ऐकणारे असतील तर तिथेच राहू द्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देण्याचा सल्लाही मिळेल, पण त्यात अभ्यासक्रम तोच, विषय तेवढेच आणि शाळेचा आधार तेवढा जातो. एलडीच्या मुलासाठी तो तिन्ही मार्गांत सर्वांत वाईट. मुंबईत पालक आणि तज्ज्ञांनी १९९६ मध्ये सुरू केलेली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन आणि चेन्नईची मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन या दोन्ही या क्षेत्रातल्या जुन्या संस्था आहेत. नवी शाळा काढण्याआधी त्यांचं काम जाऊन पाहावं.

लवचिकतेला दहापैकी नऊ, परीक्षेतल्या सवलतींना सात, पुस्तकांना चार. अभ्यास केंद्रांना गुण देत नाही, कारण गल्लीगणिक फरक.

अर्ज भरायला बसाल तेव्हा जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि यूडीआयडी हे चारही कागद शेजारी ठेवा आणि नाव अक्षरन् अक्षर जुळतं का पाहा, आईचं नावसुद्धा. एका कागदावर मधलं नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असेल तर आधी तेच दुरुस्त करून घ्या. गुणपत्रिका छापून आल्यावर ही दुरुस्ती करायला प्रतिज्ञापत्र, शुल्क आणि पुण्याच्या खेपा लागतात, आणि तोवर अकरावीची यादी लागून गेलेली असते.